व्हॅनमध्ये इन्व्हर्टर बसवताय? आधी केबलचं बघा

इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा, हे नंतर ठरवा. १२ व्होल्टवर १००० वॅटचा लोड टाकला की लॉस धरून बॅटरीतून जवळपास १०० अँपिअर ओढले जातात. घरच्या फिटिंगची २.५ एमएमची वायर इथे वितळेल. मी तरी ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबलच टाकायला सांगेन, तीही जितकी आखूड जमेल तितकी.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनललगतच हवा. तो इन्व्हर्टरपाशी लावलात आणि मधली केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडणारच नाही, आग मात्र लागेल. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, हातोडीने ठोकू नका, क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. सैल लग तापतो.

बाहेरून वीज घेणार असाल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच सप्लाय जोडणारा स्विच, टाकाच. दोन्ही सप्लाय एकत्र आले तर इन्व्हर्टर जळतो.