स्पर्धेसाठी फेलिक्स बोक्याला नवं रूप द्यायचंय, काय ठेवू आणि काय बदलू?

आधी मूकपटांच्या काळातला हा कार्टून बोका असा का दिसतो ते बघा. १९१९ साली पडद्यावर आला तेव्हा फेलिक्स बराच कोनाकोनांचा होता. १९२४ च्या सुमारास बिल नोलन या ॲनिमेटरने त्याला गोलसर केलं. प्रत्येक चित्र हातानेच काढायचं, तर गोल आकार पटकन जमतात आणि हलतानाही गोड दिसतात. म्हणजे आपण ज्याला 'मूळ' फेलिक्स समजतो तोच रीडिझाइन आहे! काळं अंगही सोयीचंच: भरीव आकार उठून दिसतो, आतल्या रेषांची कटकट नाही.

म्हणून काळं अंग, पांढरा चेहरा, टोकदार कान यांना हात लावू नका. खरी मजा शेपटीत आहे. मूकपटांत ती सुटून प्रश्नचिन्ह व्हायची, हवं ते हत्यार व्हायची. तुमच्या काळात ती काय होईल? तिथे डोकं चालवा. केस न् केस दाखवणारा थ्रीडी बोका मात्र नको, त्यात फेलिक्स हरवतो.

डिझाइन पूर्ण काळं भरून अंगठ्याएवढं करून बघा. ओळखू आला तर ठीक. शीटवर टर्नअराउंडसोबत (म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारी चित्रं) त्याच्या त्या प्रसिद्ध येरझाऱ्या, हात मागे, मान खाली, नक्की काढा.

आणि हो, नियमावलीतली हक्कांची अट वाचा. जुन्या फिल्मचा कॉपीराइट संपला तरी पात्राचं नाव ट्रेडमार्क असू शकतं.