भरड घुमाऱ्याचा शोध

प्रश्न : स. न. वि. वि. मी अमळनेर तालुक्यात राहतो आणि आई व तिच्या मैत्रिणी यांच्या आवाजातील कानबाईची अहिराणी गाणी घरीच ध्वनिमुद्रित करतो. रीपर हे सॉफ्टवेअर, एक कंडेन्सर माइक आणि रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे, दोन मोफत प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) एवढेच माझे भांडवल आहे. रिव्हर्ब लावला की आवाज संगमरवरी सभागृहात गायल्यासारखा गुळगुळीत होतो. आई ऐकून म्हणाली, ‘हाऊ आवाज मना नही.’ मला लग्नाच्या मांडवातील भोंग्यासारखा, जुन्या कॅसेटसारखा खरखरीत घुमारा हवा आहे. संपूर्ण गाण्यावर बिटक्रशर, म्हणजे आवाजाचे बिट कमी करून तो खरबरीत करणारा इफेक्ट, लावून पाहिला, तर शब्दच कळेनासे झाले. कोणता प्लगइन विकत घ्यावा?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नये. आपल्याकडे साधने पुरेशी आहेत. बिटक्रशर तेवढा चुकीच्या जागी लागला आहे. मूळ आवाज स्वच्छ ठेवून केवळ घुमारा भरड करायचा असतो. त्यासाठी रिव्हर्बचा स्वतंत्र ट्रॅक करावा, गाण्याच्या ट्रॅकवरून त्याला सेंड द्यावा, म्हणजे आवाजाची एक प्रत तिकडे पाठवावी, आणि रिव्हर्बमधील कोरड्या आवाजाचे बटण शून्यावर आणावे. यापुढे जी काही मोडतोड करायची ती या दुसऱ्या ट्रॅकवरच करावी, म्हणजे शब्द पहिल्या ट्रॅकवर शाबूत राहतात.

आता मांडवातील भोंग्याविषयी. पारोळ्याकडील एका लग्नात आहेर पुकारणाऱ्या गृहस्थांचा ‘एकशे एक रुपये’ हा पुकारा मी लक्ष देऊन ऐकला होता. पहिला ‘रुपये’ स्वच्छ होता, दुसरा थोडा जाड झाला, तिसऱ्यातील ‘प’ घासून गेला आणि चौथ्याच्या वेळी नुसती घरघर उरली. आपल्या कानात बसलेला आवाज बहुधा हाच असावा, आणि तांत्रिकदृष्ट्या तो रिव्हर्ब नसून इको आहे, म्हणजे एकसंध घुमारा नव्हे, तर सुटे सुटे ऐकू येणारे पडसाद. स्वस्त इको यंत्रांत पीटी २३९९ नावाची चिप सर्रास वापरली जाते. ती आवाजाचे अंकांत रूपांतर करून एका ठरावीक आकाराच्या स्मृतीत साठवते आणि सुमारे ३० ते ३४० मिलिसेकंदांनी परत सोडते. स्मृती वाढवता येत नसल्यामुळे उशीर वाढवायचा तर चिपचे घड्याळच मंद करावे लागते. घड्याळ मंद झाले की नोंदी विरळ होतात आणि आवाज खरबरीत होतो. त्यात प्रत्येक पुनरावृत्ती त्याच चिपमधून पुन्हा जाते, म्हणून चौथा ‘रुपये’ पहिल्याहून इतका वेगळा लागतो. रीपरमधील रीडिले या इफेक्टात उशिराबरोबरच वरचे स्वर कापणारा फिल्टर आणि रेझोल्यूशनचे बिट कमी करण्याची सोयही आहे. १८० मिलिसेकंद, ४,००० हर्ट्झच्या वरचे कापलेले आणि ८ ते १० बिट, येथून सुरुवात करावी. त्यानंतर त्यावर आखूड रिव्हर्बचा हलका हात फिरवला की मांडव उभा राहतो.

खरा रिव्हर्बच हवा असेल, तर भरडणे रिव्हर्बच्या आधी ठेवावे की नंतर, हे प्रथम ठरवावे लागते, आणि माझ्या मते प्लगइनच्या नावापेक्षा हा निर्णय कितीतरी महत्त्वाचा आहे. सॅच्युरेशन, म्हणजे आवाज जाड आणि भरड करणारा इफेक्ट, आधी लावले तर प्रत्येक शब्द जाड होऊन रिव्हर्बमध्ये शिरतो, पण मागची शेपटी गुळगुळीतच राहते. ते नंतर लावले तर शेपटीत एकमेकांवर चढलेले सगळे स्वर एकदम भरडले जातात आणि त्यांच्या घासण्यातून मूळ गाण्यात नसलेले स्वर जन्मतात. एकट्या गळ्याला हे फार शोभते. पाच-सहा बायका एकत्र गात असतील तर मात्र त्याचा चिखल होतो. म्हणून आपल्या आईच्या एकट्या ओळीसाठी सॅच्युरेशन नंतर आणि झिलकरणींसाठी आधी, असे दोन वेगळे ट्रॅक करावेत. दोन्हींवर सर्वांत आधी ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ५,००० हर्ट्झच्या वरचे कापून टाकावे.

या रिव्हर्बच्या पद्धतीत बिट कमी करणारा इफेक्ट शेवटी ठेवावा. एका बिटमागे साधारण ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. म्हणजे १२ बिटना सुमारे ७२ आणि ८ बिटना सुमारे ४८ डेसिबल. घुमारा ओसरत ओसरत त्या पल्ल्याच्या तळाशी पोहोचला की त्याला मोजायला पायऱ्याच उरत नाहीत आणि तो कळण्याच्या भाकरीसारखा कडेने तुटू लागतो. म्हणजेच सुरुवात मऊ आणि शेवट भरड, असा तो घुमारा होतो. हे तुटणे लवकर हवे असेल तर इफेक्टात जाणारी पातळी कमी करून बाहेर येताना ती वाढवावी. बिटचा आकडा बदलण्यापेक्षा या मार्गाने अधिक नेमका ताबा मिळतो. डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा बारीक खरखराट) बंद ठेवावा, कारण तो हे तुटणे झाकून त्या जागी सपाट सळसळ ठेवतो.

जुन्या डिजिटल यंत्रांचा भरडपणा याच कारणांनी आलेला होता. १९८५ सालचे यामाहा एसपीएक्स ९० हे यंत्र सेकंदाला ३१,२५० नोंदी घेत असे, त्यामुळे १२,००० हर्ट्झच्या वरचे त्यातून जवळजवळ काहीच येत नसे. पुढेमागे पैसे खर्च करायचेच झाले तर वल्हाला व्हिंटेजव्हर्ब हा रिव्हर्ब प्लगइन पाहावा. त्यातील १९७० च्या दशकाचा रंग निवडला की १०,००० हर्ट्झच्या वरचा घुमारा जातो आणि लांब स्वरांना एक अनियमित कंप येतो. घरात चालू स्थितीतील कॅसेट डेक असेल, तर फक्त घुमाऱ्याचा ट्रॅक त्यावर भरून परत संगणकात घ्यावा. फीत थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही, घुमाऱ्याला ताल सांभाळावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या जिनिंगचे पत्र्याचे गोदाम जबरदस्त घुमते. तेथे फुगा फोडून त्याचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका क्षणिक आवाजाला जागेने दिलेल्या प्रतिसादाचे मुद्रण, घेतला, पण रिव्हर्बमध्ये भरल्यावर तो पातळ आणि सभ्य वाटतो. पत्र्याची ती झणझण कोठे गेली?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : इम्पल्स रिस्पॉन्समध्ये जागेचा घुमारा आणि रंग उतरतो, पण मोठ्या आवाजाने पत्रा थरथरून जी झणझण करतो ती त्या पद्धतीत मावत नाही, कारण हे गणित आवाज लहान असो वा मोठा, त्याला एकाच प्रमाणात वागवते, आणि पत्रा तसे वागत नाही. शिवाय फुग्यात खर्जाचा जोर कमी असतो. म्हणून इम्पल्सचा नाद सोडून गाणेच गोदामात न्यावे. एका टोकाला भोंगा ठेवून त्यातून मूळ आवाज मोठ्याने वाजवावा आणि दुसऱ्या टोकाला माइक लावून तो पुन्हा मुद्रित करावा. विश्वविख्यात स्टुडिओंचे घुमारेही असेच जमले आहेत. शिकागोच्या बिल पुटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या न्हाणीघराचा वापर याच रीतीने केला होता.

माइक १७ मीटरवर असेल तर आवाज सुमारे ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचेल, तेवढा तो नवा ट्रॅक आधीच्या बाजूला (डावीकडे) सरकवावा. (मे महिन्यात ४५ अंशांना आवाज जरा वेगाने धावतो, पण फरक दीड-दोन मिलिसेकंदांचाच असल्याने तो सोडून द्यावा.) मुद्रणासाठी गोदाम रिकामे असतानाच जावे. कापसाच्या गाठी रचलेल्या असतील तर त्या निम्म्याहून अधिक घुमारा पिऊन टाकतील, आणि सरकीचे ढीग असले तरी वरच्या स्वरांना फटका बसेल. हंगाम संपून गाठी गेल्या की, वारा पडलेला असताना, रात्री दहाच्या आत काम उरकावे. पत्र्यावर वारा असला तर माइकमध्ये गाण्याआधी तोच येतो.