शकुंतला रेल्वेसारख्या बंद पडलेल्या शाखा रेल्वे पुन्हा सुरू कराव्यात, की ग्रामीण प्रवास एसटीवरच सोपवावा?

आपल्या प्रश्नात दोन पर्याय दिले आहेत: जुनी गाडी परत आणणे किंवा तिचा नाद सोडून एसटीवर भर देणे. माझे लहानपण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे गेले आणि शकुंतला ही आमच्या घरची मूर्तिजापूरला जाण्याची नेहमीची गाडी होती, त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ असेल असे नाही. तरीही अरुंद रुळांवरची ती गाडी जशीच्या तशी परत यावी, असे मला वाटत नाही. तिने आम्हाला जे दिले ते मुख्यतः मूर्तिजापूरला मिळणाऱ्या मोठ्या गाडीशी बांधलेले एक वेळापत्रक होते, आणि पुढच्या काळात मागणी करायची तर ती त्याची करावी.

यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा, असे शकुंतलेचे अडीच फुटी रुळांचे हे दोन फाटे. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते टाकले. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे पोहोचवणे हा त्यामागचा हेतू होता. प्रवासी ही नंतरची जोड. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. या गोष्टीची चर्चा आजही मोठ्या चवीने होते, परंतु तिचा खरा परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाही. रूळ एकाचे आणि गाडी चालवणारा दुसरा, अशा व्यवस्थेत रुळांवर खर्च कोणी करायचा हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आणि रूळ थकत गेले, तशी गाडीची गती कमी कमी होत गेली.

मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले आणि त्यानंतर डिझेल इंजिन आले. इंजिन बदलले तरी प्रवास तसाच संथ राहिला. लहान स्थानकांवर कर्मचारी उरले नव्हते, त्यामुळे गार्डच तिकिटे देत असे. काही ठिकाणी फाटकाच्या अलीकडे गाडी थांबे, कोणीतरी उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी राही आणि फाटक उघडून तो माणूस परत चढे. आमच्याकडची मंडळी यावर हसत, पण प्रवासही याच गाडीने करीत. कारण तिचे भाडे एसटीच्या मानाने फारच थोडे होते, गाठोडी आणि पोती घेऊन चढताना कोणी हटकत नसे, आणि मूर्तिजापूरला उतरले की मुंबई-हावडा मुख्य मार्ग समोर असे. आजारी माणसाला अकोल्याला किंवा नागपूरला न्यायचे असले, तरी घरातले पहिले बोलणे शकुंतलेच्या वेळेवरूनच सुरू होई.

मालवाहतुकीत मात्र ही रेल्वे आधीच हरलेली होती. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलत असल्यामुळे प्रत्येक गाठ लहान वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरावी लागे. ट्रकवाला तीच गाठ जिनिंगच्या दारातून उचलून थेट मुक्कामी पोहोचवू लागला, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण पत्करणार? म्हणून अरुंद मार्गाला रंगरंगोटी करून तो पर्यटनासाठी चालवावा, ही सूचना मला फारशी उपयोगाची वाटत नाही. माथेरानला ती शोभते, कारण तिथे जाणारा माणूस प्रवासासाठीच जातो. शकुंतलेच्या मार्गावरच्या कारंज्याच्या माणसाला कुठेतरी पोहोचायचे असते.

अशा अरुंद मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये, म्हणजे मुख्य मार्गासारख्या रुंद रुळांत, रूपांतर केल्याने काय साधते, हे बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर पाहायला मिळते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेला हा अडीच फुटीच मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात व त्याच्या आसपास टप्प्याटप्प्याने त्याचे ब्रॉडगेज झाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची गाडी गेली ती याच मार्गाने; पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले. अरुंद रूळ तसेच राहिले असते, तर त्या टाक्या मुख्य मार्गावरच्या कुर्डुवाडीच्या पुढे लातूरकडे सरकल्याच नसत्या.

हाच विचार शकुंतलेला लावला, तर दोन्ही फाटे सारखे ठरत नाहीत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला असून हा मार्ग पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा जाणार आहे. म्हणजे दारव्ह्याला रेल्वे वेगळ्या दिशेने येणारच आहे. तेव्हा जुन्या मार्गातला मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा हा तुकडा ब्रॉडगेज झाला, तर मुख्य मार्ग आणि नांदेडकडचा मार्ग यांची सांगड बसेल आणि मालगाड्यांनाही तिथे काम मिळेल. यवतमाळ ते दारव्हा रुळांची दुसरी जोडी टाकण्याची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही. अचलपूरच्या फाट्याचा निर्णय मालाच्या हिशेबावर व्हावा.

उरलेल्या गावांसाठी एसटीच हवी, पण आज ती जशी आहे तशी नव्हे. करोना आणि २०२१-२२ चा लांबलेला संप यांनंतर अनेक खेड्यांतल्या फेऱ्या कमी झाल्या. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी तर कित्येकांनी गमावली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास आहे, परंतु ज्या गावात एसटी येतच नाही तिथल्या बाईला काळीपिवळीत पूर्ण पैसे मोजावे लागतात. सवलतीपेक्षा फेरी आधी हवी. त्या फेरीची वेळ स्थानकावरच्या पॅसेंजर गाडीला जोडलेली असावी, गाडी उशिरा आली तर बसने किती वेळ थांबायचे याचा लेखी नियम असावा, आणि एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास व्हावेत. यासाठी नवे रूळ टाकावे लागत नाहीत. दोन खात्यांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले तरी पुष्कळ काम होते.

ब्रॉडगेज होवो अथवा न होवो, जुन्या मार्गाची जमीन मात्र सलग आणि मोकळी राहिली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी संपादन झालेली ही पट्टी अतिक्रमणांत तुकड्यातुकड्यांनी गेली, तर पुढे रेल्वे, बसचा स्वतंत्र रस्ता किंवा साधा सायकलमार्ग यांपैकी काहीही करायचे ठरले, तरी नव्याने भूसंपादन करावे लागेल, आणि आजच्या दराने ते कोणालाच झेपणारे नाही.