गॅलरीतला पहिला कांदा

ताई, गॅलरीत कांदा कसा लावायचा विचारलंत. घणसोलीत गॅलरीला दुपारपर्यंत ऊन येतं म्हणता, मग अर्धं काम झालंच. सहा तास थेट ऊन नसेल तर पातच खायची, गड्ड्याचा नाद सोडायचा.

बी ताजंच घ्या. कांद्याचं जुनं बी नीट उगवत नाही; मी त्यात एक अख्खा हंगाम घालवलाय. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, ६-७ आठवड्यांनी रोपं १० सेंमी अंतरावर लावा. बियाऐवजी लावणीचे बारीक कांदे मिळाले तर शेंडा मातीबाहेर डोकावू दे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- स्वयंपाकघरातला कोंब आलेला कांदा पुरणं. पात मिळते, पुढे फुलाचा दांडा. धड गड्डा नाही.
- रोज पाणी. बोट खुपसा, पहिलं पेर कोरडं लागलं तरच घाला.

माना पडू लागल्या, म्हणजे पात गड्ड्याजवळ वाकून आडवी होऊ लागली, की पाणी बंद. खतांचं नंतर बोलू.