तिसरा डाऊन, गोल लाइन आणि घड्याळ

आपण न्यू जर्सीत मुलाच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला मदत करता आणि मैदानाच्या मध्यावर सुरळीत चालणारे आक्रमण तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) व गुणांसाठी ओलांडायच्या गोल लाइनजवळ का अडते, त्यासाठी आणखी किती चाली शिकवाव्यात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नव्या चालींची गरज बहुधा नसते. आहेत त्यांपैकी कोणती कोणत्या प्रसंगी खेळायची हे सामन्याआधी ठरलेले नसते, आणि खरे दुखणे तिथेच असते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सुरुवातीच्या चालींची यादी आधीच लिहून ठेवत हे बहुतेकांना माहीत असते, परंतु तिसरा डाऊन, गोल लाइन, शेवटची मिनिटे यांसाठीही ते चाली आठवडाभर आधी निवडून त्यांचा सराव करून घेत, याकडे कमी लक्ष जाते.

बाकी अंतरानुसार तिसऱ्या डाऊनचे किमान तीन भाग करावेत: एक-दोन यार्ड, तीन ते सहा, आणि सात किंवा अधिक. आठ यार्ड हवे असताना रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, सहाव्या यार्डावर वळतो, चेंडू व्यवस्थित झेलतो, आणि पुढच्याच क्षणी पंट करणारा, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देणारा, मैदानात येतो. हे दृश्य शालेय सामन्यांत फार दिसते. म्हणून अशा चालीत किमान एक रिसीव्हर हव्या असलेल्या अंतराच्या पलीकडे जाऊनच वळला पाहिजे. मात्र चौथ्या डाऊनलाही खेळायचेच असे आपण आधी ठरवले असेल, तर तिसऱ्या डाऊनला सहा यार्ड हवे असताना धावून चार मिळवणे हीसुद्धा चांगली चाल ठरते. तो निर्णय तिसऱ्या डाऊनच्या आधी व्हायला हवा, नंतर नव्हे.

गोल लाइनजवळ अडचण जागेची असते. चेंडू 8 यार्डांच्या रेषेवर असेल, तर एंड झोनचे (गोल लाइनपलीकडच्या पट्ट्याचे) 10 यार्ड धरूनही बचावाला खोलीत केवळ 18 यार्ड सांभाळायचे असतात, त्यामुळे लांब पळणाऱ्या रिसीव्हरची त्याला धास्तीच उरत नाही. उरते ती रुंदी: एकमेकांना छेदणारे मार्ग, बाहेरच्या बाजूने धाव, आणि पाससाठी बाहेर सरकून प्रसंगी स्वतःच पळणारा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू. कोपऱ्यात उंच फेकलेला फेड पास दिसायला देखणा असतो, पण शाळकरी क्वार्टरबॅककडून तेवढ्या अचूकतेची अपेक्षा मी ठेवणार नाही.

फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटल सीहॉक्स 24-28 असे मागे होते; दुसरा डाऊन, एक यार्ड बाकी, 26 सेकंद आणि एकच टाइमआउट. धावपटू मार्शॉन लिंचला चेंडू न देता त्यांनी पास फेकला, प्रतिस्पर्धी माल्कम बटलरने तो मध्येच पकडला, आणि त्या निर्णयाला आजही वेडेपणा म्हटले जाते. मला हे पटत नाही. धाव अडली तर घड्याळ चालूच राहते, पास वाया गेला तर ते थांबते. त्यामुळे उरलेले तिन्ही डाऊन वापरायचे, तर एखादा पास लागणारच होता. टीका करायचीच तर गर्दीच्या आत फेकलेल्या स्लँटवर, म्हणजे तिरके आत धावणाऱ्या रिसीव्हरकडच्या पासवर, करावी.

घड्याळाच्या बाबतीत टीव्हीवर पाहिलेले जसेच्या तसे उचलू नका. शालेय नियमांत साधारणपणे नवा पहिला डाऊन मिळाल्यावर घड्याळ थोडा वेळ थांबते, एनएफएलमध्ये तसे नसते. त्यामुळे आपल्या मुलांना मधल्या पट्ट्यातले पासही वापरता येतात आणि घड्याळ थांबवण्यासाठी प्रत्येक वेळी सीमारेषेबाहेर पळण्याची गरज नसते.

आपल्याच गोल लाइनपाशी अडकल्यावर तर उद्दिष्टच लहान ठेवावे. पंट करणारा साधारणपणे 15 यार्ड मागे उभा राहतो. चेंडू 2 यार्डांच्या रेषेवर असेल तर एंड झोन धरून त्याला 12 यार्डच मिळतात. तेथून तीन यार्ड पुढे सरकलात तरी पंटसाठी पूर्ण जागा होते.

प्रत्येक प्रसंगासाठी तीन-चारच चाली ठेवा आणि सरावात नुसती चालीची नावे न पुकारता स्थिती पुकारा: "चौथा डाऊन, दोन यार्ड, 40 सेकंद, टाइमआउट नाही." मुले गोंधळली, तर ती चाल त्या आठवड्याच्या यादीतून काढून टाका.