सही शेवटी बघा, आधी पुस्तक बघा

तुमचे फोटो रात्री भिंग घेऊन पाहिले. रशियन कवयित्री अन्ना अख्मातोवाच्या ‘चोत्की’ (म्हणजे जपमाळ) या कवितासंग्रहाची १९१४ ची पहिली आवृत्ती, खाली तिची सही आणि ‘मार्च १९१४’ ही तारीख, असं विक्रेता सांगतोय. घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. घेऊ नका.

नामपृष्ठाच्या तळाशी बघा, ‘पेत्रोग्राद’ छापलंय. पहिली आवृत्ती मार्च १९१४ मध्ये ‘गिपेर्बोरेय’ या प्रकाशनाने काढली तेव्हा शहराचं नाव सेंट पीटर्सबर्ग होतं. महायुद्ध पेटलं, जर्मन वळणाचं नाव नकोसं झालं आणि ऑगस्टमध्ये ते पेत्रोग्राद झालं. मग मार्चमध्ये सही झालेल्या पुस्तकावर हे नाव आलं कुठून? ‘चोत्की’च्या पुढच्या काही वर्षांत बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, ही त्यांतलीच एक. नंतरच्या आवृत्तीच्या किमतीला मिळाली तर वाचायला जरूर घ्या, पुस्तक सुंदर आहे.

मला सहीचाही संशय येतो. त्या काळचे रशियन कवी नुसती सही सहसा करत नसत. कुणाला दिली, कशासाठी दिली, हे दोन ओळींत लिहून खाली नाव घालत. रशियन संग्राहक त्याला ‘इन्स्क्रिप्त’ म्हणतात, आणि प्रतीचं खरं मोल ती कुणाला दिली यावर ठरतं. अख्मातोवाच्या पहिल्या संग्रहाच्या, ‘वेचेर’च्या (१९१२), अवघ्या ३०० प्रती निघाल्या, तिच्याच काळातला कवी मान्देलश्तामच्या ‘कामेन’च्याही (१९१३) तेवढ्याच. अशा प्रती बहुतेक ओळखीपाळखीतच फिरल्या. पुढे स्टालिनच्या दहशतीच्या वर्षांत लोकांनी घाबरून ती पानं फाडली, नावं खरवडली. म्हणून खरवडलेलं नाव दिसलं की प्रत टाकून देऊ नका. ती खूण कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी केलेली असू शकते.

शाईचं एक सांगतो, कारण मी स्वतः इथेच फसलो. एका विक्रेत्याकडून ‘कामेन’ची सहीवाली प्रत घेतली. घरी तिरप्या उजेडात पाहिलं तर सहीची रेघ पानाच्या जुन्या घडीवरून जाताना घडीच्या भेगेत उतरली होती. म्हणजे आधी पान मोडलं, मग कुणीतरी सही केली. शिवाय जुन्या कागदातली खळ (शाई पसरू न देणारा लेप) गेलेली असते, त्यावर आज शाई टेकवली की ती तंतूंतून पसरते आणि अक्षराच्या कडा केसाळ दिसतात. पैसे परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून भिंग आणि टॉर्च घेतल्याशिवाय मी व्यवहाराला बसत नाही.

दोन पुस्तकं हाताशी ठेवा. अनातोली तारासेन्कोव्हची विसाव्या शतकातल्या रशियन कवींची सूची (१९६६) आवृत्त्या पडताळायला लागते. मोइसेय लेसमानच्या संग्रहाच्या सूचीत (१९८९) भेटीच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या आहेत, त्यामुळे कोणता कवी कसं लिहायचा याचा कान तयार होतो. तारासेन्कोव्ह कवितेची पुस्तकं चिटाच्या कापडात बांधून घ्यायचा, हे वाचल्यापासून मला त्या माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटतो.

बजेट कमी असेल तर ‘बेग व्रेमेनी’च्या (१९६५) मागे लागा. अख्मातोवाच्या हयातीतला हा शेवटचा मोठा संग्रह, वेष्टनावर चित्रकार मोदिल्यानीने काढलेलं तिचं रेखाचित्र. प्रती हजारोंनी छापल्या आणि त्यांतल्या बऱ्याच तिने स्वतः लिहून भेट दिल्या. जुनी पुस्तकं रशियाबाहेर काढायला तिथल्या सरकारची परवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या.

विक्रेत्याकडून शेवटच्या पानाचा आणि कण्याचा फोटो मागवा. नक्की कितवी आवृत्ती ते त्यावरून बघून सांगतो.