मोबाइलवर वेबसाइटचा मेनू कसा असावा? माझ्या साइटवर बारा पानं आहेत, ती सगळी तीन रेघांच्या चिन्हामागे ठेवली तर चालेल का?

तुमच्या साइटवर बारा पानं आहेत, म्हणून विचारताय. माझं मत स्पष्ट आहे: सगळी आत टाकू नका. लोक ज्या तीन-चार कामांसाठी येतात ती डोळ्यांसमोर हवीत, बाकीची खुशाल आत जाऊ देत.

कोकणातल्या एका घरगुती निवासाची साइट मी केली होती. तीन रेघा, आत नऊ पानं, दिसायला अगदी स्वच्छ. तरी मालकीणबाईंना रोज फोन यायचे, "ताई, खोलीचं भाडं किती?" दर साइटवर होते, पण मेनू उघडून 'सुविधा'मध्ये गेल्यावर. शेवटी तिथं आलेल्या दोन पाहुण्यांच्या हातात मोबाइल देऊन मी शेजारी बसलो. दोघांनीही तीन रेघांना हात लावला नाही. पान तळापर्यंत सरकवलं आणि फोन नंबर शोधला. मग मी खाली कायम दिसणारी पट्टी केली: खोल्या, दर, कसे याल, फोन. भाडं विचारणारे फोन बरेच कमी झाले.

तीन रेघांचं चिन्ह डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलं होतं. इतकं जुनं असूनही ते सगळ्यांना उमगतंच असं नाही, म्हणून शेजारी 'मेनू' हा शब्द लिहा. माउस नेल्यावर उघडणारे उपमेनू मात्र काढूनच टाका. बोट काचेवर टेकेपर्यंत फोनला त्याचा पत्ताच नसतो.

दाबायची जागा ॲपल किमान ४४ पॉइंट सांगतं, गुगल ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरची लांबी-रुंदी मोजायची मापं). चिन्ह लहान असलं तरी चालेल, भोवतीची जागा तेवढी हवी. पट्टी तळाशी असेल तर आयफोनच्या खालच्या आडव्या रेघेपुरती जागा सोडा.

मराठी साइट असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही मला फार सलते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, अक्षरांतलं अंतर बरेचदा वाढवलेलं असतं. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. ओळीची उंचीही वाढवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. शब्द आखूड निवडा. चार बटणांच्या पट्टीत 'आमच्याशी संपर्क साधा' मावत नाही. 'फोन' मावतो आणि आजीलाही कळतो.